ओझेलाची करंगळी

डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ओझेला पेटवेचं नाव होतं ते केस सरळ करण्यात. तापवलेला लोखंडी कंगवा ती असा फिरवी, की खुर्चीतली बाई पेंगू लागे. शनिवारी ती क्लिओफसच्या बँडमध्ये पियानो वाजवते, हे कुणी फारसं मनावर घेत नसे. बाईमाणसाला विरंगुळा हवाच की!

एकोणपन्नास साली त्या बँडची बीबॉपची, म्हणजे नव्या धावत्या जॅझची, रेकॉर्ड निघाली. वर नाव एकट्या क्लिओफसचं. तिच्या दुकानाशेजारच्या मिस्टर थॅडियसच्या खानावळीत, नाणं टाकलं की गाणं लावणाऱ्या ज्यूकबॉक्समध्ये ती दिवसभर गरगरू लागली. पियानोच्या तुकड्याच्या ऐन मध्यावर एक तिरपा सूर येई, आणि लगेच तोच पुन्हा दोनदा. तिथे माणसं तोंडातला मासा चावायची थांबत.

"काय डोकं आहे गड्याचं!" थॅडियस म्हणे. "हा पियानोवाला न्यूयॉर्कहून मागवलेला असणार."

हे महिनाभर भिंतीपलीकडून ऐकून एका दुपारी ओझेला एप्रनसकट आत आली. "तो गडी म्हणजे मी, मिस्टर थॅडियस."

"मिस ओझेला, माझ्या बायकोचं डोकं तुमच्या हातात असतं, म्हणून हसत नाही."

"खुशाल हसा. आधी ऐका."

कोपऱ्यातल्या जुनाट पियानोवर तिने तीच चीज वाजवली. सगळं तस्सं, फक्त तो तिरपा सूर सरळ आला.

"चुकलात!" अख्खी खानावळ ओरडली. "रेकॉर्डवर असं नाहीये!"

ओझेलाचे कान तापले. "अरे बाबांनो, चूक रेकॉर्डवर आहे! त्या आठवड्यात कंगव्याने करंगळी भाजली होती. घसरली शेजारच्या पट्टीवर. तबकडीवर खोडरबर कुठे चालतं? मग मुद्दाम केल्यासारखं दिसावं म्हणून आणखी दोनदा आपटली."

तिने करंगळी पुढे केली. भाजल्याचा डाग अजून चकाकत होता.

थॅडियसने वाकून तो डाग पाहिला. मग हळूच म्हणाला, "आता चुकून दाखवा."

ती चुकली. कुणीही मासा चावला नाही.

थॅडियसने हात पुसले, ज्यूकबॉक्सची काच उघडली आणि गाण्याच्या चिठ्ठीवर क्लिओफसच्या नावाखाली पेन्सिलने लिहिलं: पियानो, मिस ओझेला पेटवे. अक्षर वाकडं, वर तेलकट अंगठा. ओझेलाने ते दोनदा वाचलं.

दारात थॅडियसची बायको उभी होती. अर्धे केस सरळ, अर्धे ताठ उभे.

"वाचून झालं असेल तर चल गं," ती म्हणाली. "माझं उरलेलं डोकं खोळंबलंय."