चिल्लरीतनं उचललं

ती घटना विसरता आली असती, तर निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलो नसतो. घरात आता मी एकटाच असतो. दिवस दिवस कोणाशी बोलणं होत नाही. त्या माणसाचा जबाब मात्र शब्दन् शब्द आठवतो.

भोरमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. संग्रहातलं दोन रुपयांचं नाणं चोरीला गेलं. पान उलटावं तसं ते उलटलं, की मागचा छाप डोक्यावर उभा दिसायचा, टाकसाळीतली चूक. पुरावा म्हणून त्यांनी छाप चुकलेल्या नाण्यांची माहिती देणारी एक गुळगुळीत पुस्तिका पुढे केली. फोटोखाली छापलं होतं, 'देशात एकच नग ज्ञात.'

चार दिवसांत खबऱ्याकडून टीप आली. राजगडाखालच्या पाली गावात एक चहावाला तसलंच नाणं ट्रेकर्सना दाखवतोय. शनिवार-रविवार तो टपरी चालवायचा, एरवी छपरावर चढून घरांची कौलं चाळायचा, फुटकी काढून नीट लावून द्यायचा. शिक्षकांच्या घराची कौलंही त्यानंच चाळली होती. मला आणखी काय हवं होतं? त्याला ठाण्यात आणलं.

"नाणं कुठनं आलं?"

"चिल्लरीतनं उचललं, सायेब. गडावर आलेल्या पोरांनी चहाचं पैसं दिलं, त्यात हुतं. उलटं दिसलं म्हून बाजूला ठिवलं."

"म्हणजे उचललंस."

"व्हय, म्या उचललं. पर चिल्लरीतनं."

"देशात एकच नाणं, आणि ते तुझ्या चिल्लरीत?"

"आता नाण्याला काय ठावं सायेब, आपुन एकलंच हाय म्हून?"

आम्हा पोलिसांत उचललं म्हणजे चोरलं. त्यानं नुसतं वेचून हातात घेतलं होतं. हा फरक मला कळत नव्हता असं नाही; मीही याच मुलखातला. तरी जबाबात मी लिहिलं, 'सदर नाणे उचलल्याचे कबूल करतो.' चिल्लरीचा उल्लेख गाळला. वाचून दाखवताना भरभर वाचलं. तो मान डोलवत राहिला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. गावात मात्र टिकते.

तो जामिनावर सुटला आणि महिनाभरानं शिक्षक खाली मान घालून आले. त्यांचं नाणं दुसऱ्याच पाकिटात सापडलं होतं. ते आणि चहावाल्याकडून जप्त केलेलं, दोन्ही नाणी टेबलावर ठेवली. आमचे हवालदार वाकून बघत म्हणाले, "सायेब, एकच हाय म्हणं ना? मग ह्याला काय पिल्लू झालं?" आणि त्यांनी कँटीनच्या गल्ल्यातली चिल्लर मागवली. संध्याकाळपर्यंत तिसरं निघालं. पुस्तिका लिहिणाऱ्यानं बसल्या जागी आकडा ठोकून दिला होता.

'वस्तू तक्रारदारास मिळून आली' असं लिहून मी प्रकरण बंद केलं. हवालदार म्हणाले, "पालीत एकदा जाऊन सांगायला पायजे." मी गेलो नाही. लोक मला हसतील, ही भीती.

त्याला पुन्हा कोणी कौलं चाळायला बोलावलं नाही. छपरावर चढणाऱ्याला घरातलं सगळं दिसतं. भरवसा गेला की काम गेलं. हे मला हवालदारांकडून कळत होतं.

गेल्या महिन्यात एसटीनं पालीला गेलो. तो वारला होता. टपरीवर त्याची बायको होती. मी कोण ते सांगितलं, गाळलेला शब्दही सांगितला. तिनं स्टोव्ह बारीक केला.

"मला कशाला सांगताय? मला ठावंच हुतं."

"माझी चूक झाली, बाई."

"मग गावात सांगा की. तवाच सांगायचं हुतं."

ग्रामसभेत मला पाच मिनिटं बोलू दिलं. या आठवणींत मी कोणाचं नाव लिहीत नाही. तिथे मात्र त्याचं नाव घेतलं, माझंही घेतलं. पुढे बसलेल्या तरुणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना तो चोर म्हणून ठाऊक नव्हता आणि चहावाला म्हणूनही फारसा नव्हता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "असं हुतं व्हय?" मग पाणीपुरवठ्याचा विषय निघाला.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. माणूस निर्दोष आहे हे त्याच्या हयातीत सांगायचं असतं. नंतर ती नुसती माहिती उरते.