खाणीतला पांढरा गोळा

परवा एका प्रदर्शनात काचेआड ओकेनाइट या खनिजाचा पांढरा गोळा दिसला आणि माझी मान खाली गेली. लाव्हाच्या पोकळीत तयार झालेला हा गोळा सशाच्या शेपटीसारखा मऊ दिसतो. पण त्याचे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. म्हणून हात न लागलेल्या गोळ्यालाच संग्राहक मोल देतात.

ऐंशीच्या दशकात मी बदलापूर गावात विज्ञान शिकवायचे. माझ्या वर्गातल्या सुमनची आई खाणीत खडी फोडायची. एकदा ती असाच गोळा डब्यात घालून, जांभूळ गावाहून चालत आमच्या ओट्यापाशी आली.

"पोरांना दाखवा, बाई. फक्त हात नका लावू, केस बसतात त्याचे. मी पन नाय लावला."

मी तिला आत बोलावलं नाही. त्यांच्या वस्तीतून आलेली वस्तू धुऊनच घरात घ्यायची, ही आमची रीत. ती वळताच मी गोळा नळाखाली धरला. क्षणात त्याचा ओल्या कापसासारखा चोथा झाला.

दुसऱ्या दिवशी सुमनने विचारलं, "बाई, आईचा दगड?"

"हरवला गं."

"असू दे, बाई," ती म्हणाली, "आई दुसरा शोधंल तुमच्यासाठी."