मेंदी कोवळी असतानाच

आमच्या विहाराला भिंत नाही, मेंदीचं कुंपण आहे. वस्तीतल्या बायकांनी ती रोपं पैठणहून एसटीतून मांडीवर घेऊन आणली, तेव्हा विहार म्हणजे चार खांब आणि वर पत्रे होते. माझा जन्म त्यानंतरचा. तरी त्या एसटीत मीही होते असं मला वाटत राहतं. खिडकीतून ऊन येतंय, मांडीला ओली माती गार लागतेय आणि पुढच्या सीटवरून आई मागं वळून म्हणतेय, "नीट धर, मुळं हलू देऊ नको." ऐकून ऐकून ती आठवण माझीच झाली.

कुंपण कापणं आईचं काम. रविवारची वंदना झाली की ती लांब दांड्यांची कात्री काढायची आणि मी पायरीवर पत्रकांच्या घड्या घालत बसायचे. बाबा छापखान्यात कामाला होते. सभेचं असो की संपाचं, पत्रक आमच्या घरातून घडी होऊनच बाहेर पडायचं. मी वाचायला त्या पत्रकांवरच शिकले, आणि अन्याय हा शब्द मला आंबा या शब्दाआधी आला असावा. शाईचा वास आणि कापलेल्या मेंदीचा वास अजूनही मला एकत्रच येतात.

मग आईचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, कात्री पेलेना. मेंदी माणसाच्या डोक्यावर गेली. विहार समितीतले काका एका रविवारी म्हणाले, "वहिनी, रस्त्यावरून विहार दिसंना झालाय. बुद्धपौर्णिमेच्या आत हे उपटू आणि लोखंडी जाळी बसवू."

"पौर्णिमेपर्यंत थांबा. मी कापते."

"कशानं?"

घरी येताना आई वाटेतल्या प्रत्येक झाडाला हात लावत चालली होती.

काकांच्या त्या ‘कशानं?’चं उत्तर मी शोधायचं ठरवलं. कुंपण कापायच्या मशीनांची माहिती मोबाईलवर वाचून काढली. छापलेलं प्रत्येक अक्षर मनापासून वाचायचं, हा आमच्या घरचा संस्कार. एक मशीन पसंत पडलं: पातं लांब, वजन कमी. आईला घेऊन उस्मानपुऱ्यातल्या दुकानात गेले.

"एकदम हलकं, मावशी. फुलासारखं," दुकानदार म्हणाला.

आईनं मशीन दोन्ही हातांनी समोर धरलं आणि डोळे मिटले. ओठ हलायला लागले. दुकानदार घाबरला. "ताई, मावशीला चक्कर येतीय का?"

चक्कर नव्हती. ती मनात त्रिसरण आणि पंचशील म्हणत होती. आमच्या वस्तीतल्या बायका वेळ अशीच मोजतात. अंडी उकडायची असोत की मोर्चात बॅनरचं टोक दुसरीच्या हाती द्यायचं असो. पंचशील संपेपर्यंत पेललं, तर ते आपल्याला पेलणार.

तिसऱ्या शीलाला तिचा हात थरथरला.

मी खोका उलटून पाहिला. वजनापुढं एक चांदणी होती आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: बॅटरी सोडून. माझं डोकं फिरलं. "ही सरळ फसवणूक आहे! बॅटरी काढून मशीन चालतं का? लोकांना अर्धं खरं सांगायचं आणि—"

"मी नाय छापलं, ताई."

"सभा मागून घे," आई म्हणाली. "आधी हे धर, हात भरून आला."

दुकानदारानं वायरचं मशीन काढलं. ते खरंच हलकं होतं. आईनं मात्र मान हलवली. "विहारात एकच प्लग हाय, माईकचा. अन् मेंदीत वायर कापली गेली, तर काका मेंदीआधी मलाच उपटतील."

मग तिचं लक्ष खुंटीवर टांगलेल्या एका छोट्या मशीनकडं गेलं. वीतभर पातं, एका हातात मावेल असं.

"ते खेळणं हाय, मावशी. जाड फांदी नाय कापत. फक्त कोवळी कापतं."

आईनं ते बॅटरीसकट धरलं. डोळे मिटले. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते आणि तिच्या चेहऱ्यावर विहारातली सकाळ उतरली होती. पाचही शीलं झाली. हात स्थिर होता.

"मग कोवळी असतानाच कापीन," ती म्हणाली.

जुन्या जाड फांद्या मला जुन्याच कात्रीनं कापाव्या लागल्या. कुठपर्यंत, असं विचारल्यावर आई कुंपणाला लागून उभी राहिली आणि हात न दुखता जेवढा वर गेला तेवढा नेला. छातीपर्यंत. "इथपर्यंत." सगळं कुंपण तिच्या हाताच्या उंचीला आलं. पंधरवड्यात उघड्या फांद्यांना पोपटी फूट आली, आणि आई ते छोटं मशीन घेऊन निघाली. भुंगा गुणगुणावा तसा आवाज, खाली पडणारी बारीक पानं, तिच्या पांढऱ्या पदरावर हिरवा चुरा. ती चालत नव्हती, त्या हिरव्यातून तरंगत होती असं मला पायरीवरून दिसलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काका आले आणि आत न येता रस्त्यावरच थांबले. तिथून पायऱ्या, दिवे, थेट बुद्धमूर्ती दिसत होती.

"गेट तरी लोखंडी बसवू का, वहिनी?"

"गेट बसवा," आई म्हणाली आणि एक चुकार कोवळा शेंडा कापायला वळली.