बिननवसाची गाडी

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शेळीचा भाव रुमालाखाली ठरतो. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांचे हात धरतात, बोटं दाबतात. भोवतीच्या माणसांना काय कळायचं ते त्या दोघांच्या भुवयांवरून कळतं.

राहीबाई रुमालाखाली हात घालत नाही. दावं धरून उभी राहते आणि भाव तोंडानं सांगते, पलीकडच्या कांद्याच्या ढिगापर्यंत ऐकू जाईल असा. एका व्यापाऱ्यानं तिला समजावून पाहिलं होतं.

"मावशी, असं उघडं बोलून धंदा होत न्हाई."

"शेळी उघडी उभी हाय," राहीबाई म्हणाली, "मग भावच कशाला झाकू?"

नवरा वारल्यापासून शेळ्या तिच्याच ताब्यात. एकुलता मुलगा अंगद दुधाचा टेम्पो चालवतो. सून धनश्री. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं गेलं, पण त्या घरात ते कुणी सरळ बोलत नाही. "अजून काय न्हाई का?" एवढंच विचारतात, आणि उत्तर यायच्या आत चेहरा पाडून मोकळे होतात.

घराच्या वर घर म्हणजे गोरक्षनाथ आण्णा, राहीबाईचे थोरले दीर. बांधावरचं बाभळीचं झाड कुणाचं, इथपासून कुणाच्या सुनेनं कुठल्या देवाला जायचं, इथपर्यंत भावकीचं सगळं त्यांच्या ओट्यावर ठरतं. त्यामुळे चार वर्षांत धनश्री जेवढी हिंडली तेवढी गल्लीतली एकही बाई हिंडली नसेल. पण दर वेळी देवालाच. उपाशीपोटी निघायचं, रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची, नवस बोलायचा, आणि परत येऊन मगच घास. गावोगावचे एसटी स्टँड तिला पाठ होते. तिथे खायला काय मिळतं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

मध्ये एकदा राहीबाईनं तिला दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं तपासलं आणि सांगितलं, "हिचं व्यवस्थित आहे. आता नवऱ्याला घेऊन या." आण्णांनी ते ओट्यावर बसून ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आपल्या घरातले गडी असल्या तपासन्या करीत न्हाईत." अंगद टेम्पोच्या किल्लीशी खेळत राहिला. विषय तिथेच संपला.

मग यंदा नवी गाडी सुरू व्हायचं ठरलं. नगरहून सुटणारी, काष्टीला थांबणारी, दर रविवारी थेट घाटाजवळच्या त्या मोठ्या पार्काच्या गावाला जाणारी पॅसेंजर. सरकारी नाव लांबलचक होतं. गावानं ते वाचायचे कष्ट न घेता तिला पार्कगाडी करून टाकलं. तिकडचे झुले, पाण्यातल्या घसरगुंड्या, लाटा मारणारा खोटा समुद्र, सगळं मोबाईलवर बघून झालं होतं. बाप आणि पोरं जाणार, हे न बोलता ठरलं. बायकांचा विषय निघालाच नाही. बाई गाडीत बसते ती माहेराला, दवाखान्याला, नाहीतर देवाला.

पहिली पार्कगाडी सुटायच्या आदल्या दिवशी, बाजार उठल्यावर, आण्णांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"उद्या सकाळी जीप येनार हाय," ते म्हणाले. "बालाघाटात एक लई कडक ठाण हाय. भगताशी बोललोय मी. सुनेनं उपाशी राहून ओल्या साडीनं फेऱ्या घालायच्या. भगत थांब म्हनंल तवा थांबायचं."

धनश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पदर सारखा केला.

"आन हे शेवटचं," आण्णा पुढे म्हणाले. "दिवाळीपातूर काय न्हाई झालं तर हिला माहेरी पोचवायचं. अंगदसाठी मी एका ठिकानी शब्द टाकून ठेवलाय."

"कसला शब्द?" राहीबाईनं विचारलं.

"दुसरीचा. आता काय ढोल वाजवून सांगू?"

राहीबाई शेळीचं दावं गुंडाळत होती. ते तिनं खाली ठेवलं.

"आण्णा, ओल्या साडीनं म्हनजे भिजायचं, व्हय ना?"

"रीतच हाय ती."

"आन तिथं बघायला कोन कोन असतंय?"

"भगत असतोय, त्याची मानसं असत्यात. देवाच्या दारात कसली लाज?"

"तसं न्हाई. मी म्हनते, पोरीला भिजायचंच हाय तर ती आपल्या खुशीनं भिजंल. उद्या मी तिला पार्कगाडीनं नेते."

आण्णांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "पार्कात? तिथं कुठला देव बसलाय?"

"कुठलाच न्हाई. म्हनूनच चाललोय."

"अंगद," आण्णा म्हणाले, "तुझी आई काय बोलतीय, ऐकतोयस का?"

अंगदनं आईकडे पाहिलं, आण्णांकडे पाहिलं, बायकोकडे पाहायचं टाळलं. "टेम्पोच्या मागच्या चाकात हवा कमी वाटतीया," तो म्हणाला आणि उठून गेला.

"उद्या जीप दारात आली आन सून घरात नसली, तर माझ्या ओट्याला पाय लावू नका," आण्णा म्हणाले.

"बरं. आन जीप आलीच हाय तर तुमी जाऊन या. जागा मोकळीच हाय."

सकाळी काष्टीच्या स्टेशनात गाडी आली तेव्हा इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या. कुणीतरी त्याला हळदकुंकूही लावलं होतं. साध्या डब्यात गर्दी होती, पण राहीबाई बाजारात वाढलेली. तिनं पिशवी आधी आत टाकली, मग सुनेला, मग स्वतःला. खिडकीजवळच्या बाईनं सरकून जागा दिली. ती नगरची, नाव दिपाली, नवरा आणि दोन मुलींसह निघालेली. बोलायला तिला निमित्त लागत नव्हतं.

"मावशी, मध्येच उतरणार ना? आळंदीला?"

"न्हाई. झुल्यात बसायला चाललोय."

"तुम्ही?"

"का, झुल्याला वय लिहिलंय का?"

दिपाली हसली. "आणि ह्या? लेक का?"

"सून."

"सासू-सुना मिळून पार्कात," दिपाली नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत का? तुमच्या आईंना सांगा."

नवऱ्यानं पेपर वर केला.

दौंड मागे पडलं, ऊन खिडकीतून मांडीवर आलं. राहीबाईनं फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. अर्धी भाकरी तिनं धनश्रीपुढे धरली.

"खा."

"नको आत्या. तुमी घ्या."

"मळमळतंय का?"

"न्हाई."

"मग?"

"उपास हाय."

"आज? कसला?"

धनश्री गोंधळली. कुणी तिला असं विचारेल, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. "तसा कसला न्हाई. पन आपन बाहेर निघालो की उपासच असतोय ना. म्हनून सकाळी च्या बी न्हाई घेतला."

ती हे कुरकुर म्हणून बोलली नाही. पाऊस आला की छत्री घेतात, इतक्या साधेपणानं बोलली. राहीबाईचा भाकरीचा हात तसाच राहिला. या चार वर्षांतल्या प्रत्येक वारीला ती स्वतः या मुलीच्या शेजारी बसली होती. वेण्या घातलेली, हसरी पोरगी घरात आली होती. तिचं हसू आधी गेलं की भूक आधी गेली, हे आता कुणाला आठवत होतं?

"धना, इकडं बघ," राहीबाई म्हणाली. "आज आपल्याला कुनापुढं कायबी मागायचं न्हाई. कळलं का? कायबी न्हाई."

"मग कशाला चाललोय?"

"तेच तर. कशालाच न्हाई."

तिनं एक अंडं घेतलं, बाकाच्या लोखंडावर आपटलं, सोललं, मीठ लावलं आणि सुनेच्या हातात ठेवलं. "हा कुनाचा परसाद न्हाई. गप खा."

धनश्रीनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग अर्धं अंडं एकदम तोंडात घातलं. मग भाकरी. मग दुसरं अंडं तिनं स्वतःच उचललं. दिपालीनं न विचारता चिवड्याचा डबा मध्ये ठेवला आणि पुण्यापर्यंत तो रिकामा झाला.

पार्काच्या पाण्याच्या दारात एका मुलीनं दोघींना अडवलं. साडी घालून पाण्यात जाता येत नाही. तिनं काउंटरवरून निळे सुळसुळीत कपडे पुढे केले, लांब बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत विजार.

"हे मी घालू?" राहीबाईनं विजार उचलून उजेडात धरली.

"नियम आहे, मावशी. नाहीतर तिकडे बाकं आहेत, सावलीत. पुष्कळ आज्या बसतात."

"बसू द्या त्यांना. ह्याच्यापेक्षा मोठी न्हाई का?"

थोड्या वेळानं ती बाहेर आली. केसांचा अंबाडा, कपाळावर गोंदण, गळ्यात दोऱ्यातला ताईत आणि खाली निळी विजार. धनश्रीनं तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून बाहेर आलंच.

"हास," राहीबाई म्हणाली. "तू बी काय लई बरी दिसत न्हाईस."

लाटांच्या तलावात त्या गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरल्या. भोंगा वाजला, पहिली लाट आली आणि दोघी एकदम खाली बसल्या. नाकातोंडात पाणी. धनश्री उठली तेव्हा ओरडत होती, आणि ते ओरडणं भीतीचं नव्हतं. राहीबाईनं गळ्यात अडकवलेली, काउंटरवर मिळालेली प्लास्टिकची पिशवी चाचपली. आत मोबाईल होता. तो वाजत होता.

आण्णा.

"उचलू नका आत्या," धनश्री म्हणाली.

राहीबाईनं उचलला. पिशवीवरूनच बोट दाबून आवाज मोठा केला, चार माणसांना ऐकू जाईल असा.

"कुठं हाय?" आण्णांचा आवाज आला. "जीपवाला सकाळपासून घरापुढं उभा हाय. भगत वाट बघतोय. अजूनबी माघारी फिरलीस तर रस्त्यात गाठतो."

"आमी पान्यात हाय, आण्णा."

"सुनेला फोन दे."

"ऐकतीय ती. समदी ऐकत्यात."

खरंच ऐकत होती. शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभं असलेलं एक कुटुंब लाटेकडे पाठ करून ऐकत होतं.

"धनश्री, नीट ऐक," आण्णा म्हणाले. "आज आली न्हाईस तर दिवाळीची वाट बघायची गरज न्हाई. तिथूनच माहेरची गाडी धर."

राहीबाई तोंड उघडणार होती. धनश्रीनं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि पिशवी आपल्याकडे ओढली. दोरीबरोबर राहीबाईची मानही तिच्याजवळ आली.

"मोठे मामा, मी धनश्री."

"बोल."

"मी माहेरी जानार न्हाई."

आण्णांच्या ओट्यावर तिचा आवाज आजवर पोचलाच नव्हता.

"आन त्या ठाणाला बी येनार न्हाई. आता कुठंच उपाशी फिरनार न्हाई. डॉक्टरीणबाईंनी माझं सांगितलंय, मला काय झालेलं न्हाई. आता यांनी जायचं. ते जात न्हाईत तवर मला कुनी काय इचारायचं न्हाई."

"गड्यामानसाला दवाखान्यात धाडतीस?"

"व्हय. मी धा देवांना गेले. त्यांनी एका डॉक्टरला जावं. तिथं ते हायेत का? द्या त्यांना."

फोनमध्ये खरखर झाली. जीपचं दार लागल्याचा आवाज आला. मग अंगद. तो खाकरला.

"बोला," धनश्री म्हणाली. "आज टायरचं काय सांगू नका."

"न्हाई," अंगद म्हणाला. "टायर चांगलंच हाय." मग म्हणाला, "उद्या दूध घालून येतो. मग जाऊ."

"कुठं जाऊ?" मागून आण्णा गरजले.

"दौंडला, आण्णा. मी दाखवून घेतो."

"मी शब्द टाकलाय तिकडं."

"तुमी टाकलाय. तुमीच उचला."

आण्णा पुढे बरंच बोलत होते, पण तेवढ्यात भोंगा वाजला आणि लाट दोघींच्या डोक्यावरून गेली. वर आल्या तेव्हा फोन बंद झाला होता. शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी टाळी वाजवली. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

धनश्रीचे डोळे लाल झाले होते. पाण्यानं असतील. तिनं केस मागे सारले आणि तलावाच्या पलीकडे, तीन मजली इमारतीएवढ्या उंच घसरगुंडीकडे बोट केलं. वरून माणसं किंकाळ्या फोडत खाली येत होती.

"आत्या, मी तिथं जानार."

"चल की."

"तुमचं गुडघं?"

"गुडघ्यांचं मी बघते. तू जिना चढ."

जिन्यावर लांब रांग होती. वरच्या टोकाला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं राहीबाईला आडवा हात केला. "मावशी, इथून परत जाता येतं बरं का. खाली बघा आधी. लई भीती वाटते."

राहीबाईनं खाली पाहिलं. धनश्री आधीच घसरगुंडीच्या तोंडाशी बसली होती आणि मागे वळून तिच्यासाठी जागा करत होती.

"कुनाला?" राहीबाईनं विचारलं आणि तिच्या मागे जाऊन बसली.