गाडी आई

वाचनालयात पुस्तकं कमी हुत्यात आन् किस्से वाढत्यात. पुस्तक नेणारा परत येत न्हाई. किस्सा सांगणारा रोज येतो, आन् वर चार वाक्यं जास्तीची घालून जातो. आमच्या दौंडच्या वाचनालयात तवा तिघंच असायचो: ग्रंथपाल आप्पा, बायंडर कासमभाई आन् असिस्टंट म्हणून मी. पण सगळ्यात जास्त किस्से जमले ते दादींच्या पेटीचे. गेलेल्या माणसावर हसू नये म्हणत्यात. दादी स्वतःच हसायच्या, म्हणून सांगतो.

•

दादी सिंधमधनं आलेल्या. फाळणीत नवरा गेला. त्या बोटीनं मुंबईला उतरल्या. धाकटी बहीण गाडीनं निघालेली, तिची चुकामूक झाली ती झालीच. दौंडात दादी पापड लाटून विकायच्या आन् दुपारी आमच्याकडं बसून कविता लिहायच्या, एखादी सिंधी मासिकाला धाडायच्या.

आप्पांनी एकदा विचारलं, "मुंबई सोडून हितं कशाला आलात?"

"इधर जंक्शन है ना," दादी म्हणाल्या. "सगळी गाडी थांबते. कधीतरी ती उतरेल."

आप्पांनी पुन्हा कवा विचारलं न्हाई.

•

आप्पा साठीचे, दादी पंचेचाळिशीच्या. तरी आप्पा त्यांना "दादी, दादी" करायचे. एक दिवस दादींनी सांगितलं, सिंधीत दादी म्हंजी आजी न्हाई, थोरली बहीण.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग आजपासनं मला अरेतुरे करा."

दादींनी लगेच सुरुवात केली. "ए आप्पा, शाई कुठे आहे?"

आप्पा उठून शाई द्यायचे. नोकरी लागल्यापासनं ते दुसऱ्या कुणासाठी उठलेले मी बघितले न्हाईत.

•

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दादींनी कविता म्हणली. सिंधीतच. प्रत्येक ओळीच्या शेवटी "गाडी आई... गाडी आई..." आन् अगदी शेवटी, बारीक आवाजात, "न आई."

महिला मंडळ ढसाढसा रडलं. आमचे चेअरमन, कवठ्याचे बागायतदार, यांनी डोळ्याला उपरणं लावलं. "आई गाडीत बसून गेली ती गेलीच," ते म्हणाले. "आईवर असं कुणी लिहिलं न्हाई."

मी नंतर विचारलं, "दादी, तुमची आई कवा वारली?"

त्यांना प्रश्नच कळंना. मग खुलासा झाला. सिंधीत 'आई' म्हंजी 'आली'. गाडी आली, गाडी आली, ती न आली.

"सांगू का सगळ्यांना?"

"ते रडले ना?" दादी म्हणाल्या. "मग त्यांना बरोबर समजलं."

•

दादी आजारी पडल्या तवा टांग्यातनं पत्र्याची पेटी घेऊन आल्या. आत कवितांचे कागद, गच्च भरलेले.

"बहीण आली तर तिला दे, आप्पा. तोपर्यंत ठेव."

आता वाचनालयात काय आलं की त्याला वर्ग लागतो. कादंबरी का धार्मिक का इतर? अक्षर उर्दूसारखं दिसलं, म्हणून आप्पांनी कासमभाईंना वाचायला बसवलं. कासमभाई घडाघडा वाचत सुटले. आम्ही हरखलो.

"काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

"ते कुठं कळतंय? वाचता येतंय निस्तं. आन् ही टिंबं बघा, एका एका अक्षरावर चार चार. आमच्याकडं एवढी नसत्यात."

"वाचता येतंय, कळत न्हाई," आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हंजी तुम्ही कमिटीवर पायजे होता."

पेटी 'इतर' मध्ये गेली. दादी महिन्याभरानं गेल्या. खांदा द्यायला आप्पा धाकट्या भावासारखे पुढं होते.

•

मग चेअरमनांना कपाटाला जागा पायजे झाली. "ती पेटी रद्दीत घाला."

रद्दीवाला आला. एक कागद उचलला, बघितला, कपाळाला लावला आन् परत ठेवला. "यात देवाचं नाव असलं म्हंजी? मी न्हाई वजन करणार."

दुसरा रद्दीवाला आणला, कासमभाईंच्या आळीतला. त्यानं कागद डोळ्यांना लावला. "यात अल्लाचं नाव असलं म्हंजी?"

चेअरमनांनी तोडगा काढला. "भीमेत सोडा. विधीपूर्वक."

गाठोडं मी बांधलं, लाल फडक्यात. चेअरमनांनी वर फुलं वाहिली, हात जोडले, दोन मिनिटं उभे राहिले. गाठोडं बुडालं. त्यात वाचनालयाचे जुने अहवाल होते, चेअरमनांच्या भाषणांसकट.

रिकाम्या पेटीवर मी सतरंजी टाकली. रिकामी म्हंजी मी सांगितलं तेवढी रिकामी. मीटिंगला चेअरमन तिच्यावरच बसायचे. म्हणायचे, खुर्चीपेक्षा बरं वाटतं.

•

एक दिवस मीटिंग चालू असताना दारात एक बाई उभी राहिली. हातात ट्रंक, चेहरा प्रवासाचा. आत बघून एकच शब्द बोलली, "दादी?"

आप्पांच्या हातनं पेन पडलं.

तिनं मासिकातला एक तेलकट छापील कागद पुढं केला. दादींची कविता, खाली नाव, त्याच्याखाली दौंड. अजमेरला भज्यांच्या पुडीला आलेला.

दादी न्हाईत, हे आप्पांनी तिला हिंदीत सांगितलं. त्यांचं हिंदी कच्चं, पण ते वाक्य बरोबर आलं. ती उभीच राहिली. कासमभाई पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"चेअरमनसाहेब," आप्पा म्हणाले, "जरा उठता?"

मी सतरंजी काढली, पेटी उघडली. चेअरमन आत बघतच राहिले. "अरे, हे तर आपण भीमेत..."

कासमभाई शांतपणे म्हणाले, "आपल्या मुलखात कवितेचे कागद नदीत ऱ्हात न्हाईत, साहेब."

चेअरमनांनी पेटीला हात जोडले.

बाईनं वरचाच कागद घेतला आन् मोठ्यानं वाचायला लागली. गाडी आई... गाडी आई... शेवटची ओळ वाचून तिनं कागद मांडीवर ठेवला. स्टेशनात इंजिनाची शिट्टी झाली.

चेअरमनांनी उपरण्यानं डोळे पुसले. "कुणाचीबी असंना," ते म्हणाले, "आई ती आईच."

बाईला मराठी येत नव्हतं. पण एवढा शब्द तिनं ऐकला, आन् पेटीकडं बघून मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "आई."