ईलिंगचा कावळेवाला

चंद्रशेखर आवटे तोंडानं कावळा बोलावतो, हे ईलिंगमधल्या आणि एकूणच पश्चिम लंडनमधल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक होतं, पण चारचौघांत कुणी त्याचं नाव काढायचं नाही. घरात माणूस गेलं की त्याचा नंबर शोधला जायचा. या देशात दहनाची तारीख मिळायलाच दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळं दहावा दिवसही पंचांगापेक्षा सुट्टी बघूनच धरायचा. त्या दिवशी चंद्रशेखर कुणाच्या तरी मागच्या गार्डनमध्ये बूट काढून उभा राहायचा. समोर पानावर भाताचा पिंड, मागं हात जोडलेली माणसं. तो दोन्ही तळवे तोंडाशी धरायचा आणि हाक मारायचा.

मूळचा कराडचा. तिथं संगमाच्या घाटावर मामाची चहाची टपरी होती, तिथं बसून बसून त्यानं कावळ्याची भाषा उचललेली. लंडनला बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून लागला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इथला कावळा आपल्याकडच्या डोमकावळ्यासारखा काळाकुट्ट आणि जाड घशाचा. गॅरेजच्या पत्र्यावर येणाऱ्या कावळ्यांचं ऐकून त्यानं हाक बदलून घेतली. नेम मात्र मामाचाच ठेवला. खायला असल्याशिवाय हाक मारायची नाही. कावळ्याला खोटं बोलावलं तर तो तोंड ओळखून ठेवतो, असं मामा सांगायचा.

पिंडापुढं माणसं काय काय कबूल करायची. घर विकणार नाही, भावाशी बोलेन, दारू सोडतो. कावळा शिवला की सगळी डोळे पुसून जेवायला बसायची. पुढं घर विकलं जायचं, भाऊ तसाच राहायचा. चंद्रशेखरनं हे कुणाला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा बायकोला म्हणाला होता, आपल्या घरात असं फुकटचं कबूल करायचं नाही. सुहासिनी शाळेच्या किचनमध्ये कामाला होती. ती म्हणाली, आधी माझ्या आधी जाऊन तर दाखवा.

दोन हजार वीसच्या एप्रिलात तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. भेटायला बंदी. आठव्या दिवशी दुपारी लांबच्या गावातल्या एका घरात दहावा होता. घरातले सगळे आजारी, म्हणून विधी चंद्रशेखरच्याच गार्डनमध्ये, आणि ती माणसं आणि गुरुजी व्हिडिओवर. त्यानं फोन कुंडीला टेकवून उभा केला. दोन हाकांत कावळा कुंपणावर आला. मान वाकडी करून पिंडाकडं बघत होता, तेवढ्यात स्क्रीनवर सुहासिनीचं नाव उमटलं. पलीकडं त्या घरातली म्हातारी हात जोडून बसलेली. चंद्रशेखरनं लाल बटण दाबलं. पाचच मिनिटांत लावतो, असं मनाशी म्हणाला. कावळा खाली उतरला, शिवला, पलीकडची माणसं रडली. सगळं आटपून त्यानं तिला फोन लावला, तर नुसती रिंग जात राहिली. रात्री वॉर्डातून नर्सचा फोन आला.

तिच्या दहाव्याला त्याच गार्डनमध्ये तो तीन तास हाका मारत होता. एक कावळा फिरकला नाही. मुलगी, कस्तुरी, मागच्या दाराच्या पायरीवर बसून होती. तिनं जे सुचेल ते आईला कबूल केलं. चंद्रशेखरला काय कबूल करायचं ते ठाऊक होतं, पण ते कस्तुरीसमोर बोलावं लागलं असतं. शेवटी गुरुजींनी व्हिडिओवरून सांगितलं तसा गवताचा कावळा करून पिंडाला लावला. चालतं तसं, ते म्हणाले.

त्यानंतर त्यानं दहाव्याला जाणं सोडलं. घसा गेला, असं सांगायचा. कस्तुरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आईच्या फोनची बॅटरी संपली होती, नाहीतर तिनं शेवटचा फोन केलाच असता. ती हे सांगायला लागली की चंद्रशेखर उठून चहा टाकायला जायचा.

गॅरेजमधल्या दोन दोस्तांनी मात्र त्याला सोडलं नाही. एक राजीव, सदाशिव पेठेतला, जिभेला हाड नसलेला. दुसरा गॅरेथ, वेल्सचा. गॅरेथच्या भावाची डोंगरात मेंढरं होती आणि दर वसंतात कोकरं जन्मली की तिघंचौघं मिळून शनिवार-रविवार तिकडं कावळे मारायला जायचे. राजीवला त्या बंदुकीची चटक लागलेली. त्यानंच गॅरेथला सांगून टाकलं की आमचा शेखर म्हणजे चालताबोलता कावळा आहे, तुझी ती कावळ्याचा आवाज काढायची प्लास्टिकची नळी फेकून दे. चंद्रशेखर दोन वर्षं नाही म्हणाला. गेल्या एप्रिलात गॅरेथनं फोनवर फोटो दाखवला. ओलं कोकरू, अजून उभंही न राहिलेलं, आणि डोळ्यांच्या जागी खळगे.

तो फोटो बघून चंद्रशेखर तयार झाला, असं राजीवला वाटलं. खरं कारण दुसरंच होतं. पाच वर्षं तो मनात एकच हिशेब करत होता. परक्या रानात, ज्या कावळ्यांनी त्याला कधी पाहिलंच नाही त्यांना हाक मारायची. नाही आले, तर घसाच गेला, दुसरं काही नाही. आले, तर मग त्या दिवशी सुहासिनीच आली नव्हती. कावळे येऊ नयेत, एवढंच मागून तो गाडीत बसला.

शनिवारी पहाटे ते दगडी बांधाच्या आडोशाला लपायची जाळी बांधून बसले. समोर उतारावर गॅरेथनं दोन प्लास्टिकचे कावळे मांडले, मध्ये चार प्लास्टिकची अंडी. खाली मेंढ्या ओरडत होत्या. गवतावर दहिवर. चंद्रशेखरच्या पिशवीत दहीभाताचा डबा होता, एकटा राहायला लागल्यापासून त्याला तेवढंच नीट जमायचं. त्या पांढऱ्या अंड्यांकडं बघून त्याला मामा आठवला. खायला काहीच नव्हतं तिथं.

त्यानं तळवे तोंडाशी नेले. पहिल्या हाकेला रान गप्प राहिलं.

"गंजलं रे इंजिन," राजीव कुजबुजला. "ऑइल घाल जरा."

"गेला म्हटलं नव्हतं का घसा," चंद्रशेखर म्हणाला. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं त्याला हलकं वाटत होतं. दुसरी हाक त्यानं जवळजवळ खुशीतच मारली.

ओढ्यापलीकडच्या झाडावरून उत्तर आलं.

मग डोंगराच्या कुशीतून दुसरं. एक काळा ठिपका, त्याच्यामागं तीन, मग मोजता येईनात इतके. सरळ त्याच्याकडं. जाळीवर सावल्या पडायला लागल्या. त्याला हाक थांबवायची होती, पण हात तोंडावरून निघेनात आणि घसा आपसूक चालू राहिला, जसा त्या दिवशी तीन तास चालला होता. गॅरेथनं बार काढला. राजीवनंही. काळं काहीतरी धप्पदिशी जाळीसमोर पडलं. बाकीचे पळण्याऐवजी पडलेल्यांवर घिरट्या घालत ओरडायला लागले, तसे आणखी पडले.

सगळं निवळल्यावर गॅरेथनं नऊ मोजले. एवढे एका सकाळी कधी मिळाले नव्हते, म्हणाला, आणि चंद्रशेखरची पाठ थोपटली. राजीव काहीतरी विनोद करणार होता, पण मित्राचं तोंड बघून थांबला.

"काय झालं रे? मारलेलं बघवत नाही?"

"आले की रं," चंद्रशेखर म्हणाला. "सगळे आले. म्हंजी तीच न्हवती यायची."

"कोण?"

चंद्रशेखरनं पिशवी उचलली आणि बांधाच्या कडेकडेनं वर चालायला लागला. खाली दरीत फोनला सिग्नल नव्हता. माथ्यावर बांधाचा एक चपटा दगड निसटून बाहेर आला होता, तिथं पोचल्यावर फोनवर दोन दांड्या दिसल्या. कस्तुरी केंब्रिजला लॅबमध्ये असते, शनिवारीसुद्धा. तिनं लगेच उचलला.

"बाबा? Everything okay?"

चढानं त्याला दम लागला होता. दम जिरेपर्यंत थांबलो तर पुन्हा चहा टाकायला उठल्यासारखंच होईल, हे त्याला कळलं.

"तुझ्या आईचा फोन आला हुता," तो म्हणाला. "त्या दिवशी दुपारी. मी कट केला. कावळा आला हुता कुंपणावर, म्हणून कट केला."

पलीकडं कसलंसं मशीन घरघरत होतं. ते बंद झालं.

"मला माहिती आहे," कस्तुरी म्हणाली. "हॉस्पिटलनी आईचा फोन मला दिला ना परत. मी charge केला होता. त्यात दिसतं सगळं."

"मग बॅटरीचं का सांगत हुतीस सगळ्यांना?"

तेवढ्यात खालून एक मेंढी ओरडली.

"दोन calls होते, बाबा. पहिला तुम्हाला. चार मिनिटांनी मला. मी मीटिंगमध्ये होते. मीपण कट केला."

चंद्रशेखर बांधाला टेकून खाली बसला. पाच वर्षं ते दोघं एकाच स्वयंपाकघरात दर महिन्याला जेवले होते. ती बॅटरीचं सांगायची तेव्हा आपण उठून जातो, मग ती तिथं एकटी कुणाकडं बघत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तिकडे कावळे आहेत?" तिनं हळूच विचारलं. "मला ऐकू येतंय."

"हायत. लांब हायत."

"मग आता बोलवा ना. आता तर आपण सांगितलं. दोघांनी."

त्यानं डबा उघडला. दहीभाताचा एक मुटका वळून त्या चपट्या दगडावर ठेवला. फोन स्पीकरवर करून शेजारी टेकवला, बूट काढले. थंडगार गवतात उभा राहून त्यानं हाक मारली. या खेपेला खायला होतं. हाक खरी होती, घसाही साफ लागला.

ओढ्यापलीकडच्या झाडावर उरलेले बसले होते. त्यातला एकही हलला नाही. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं होती.

त्यानं पुन्हा हाक मारली. झाडावर एकानं पंख झाडले आणि पुन्हा मिटून घेतले. सकाळी त्याच आवाजानं बोलावून नऊ पाडले होते. आता ते त्याच्यामुळं येत नव्हते, की तिच्यामुळं, हे कळायची वाट त्यानं स्वतःच्याच तोंडानं बंद करून टाकली होती. खाली उतारावर राजीव आणि गॅरेथ मेलेले कावळे पायांना धरून गोळा करत होते. झाडावरचे ते बघत होते, आणि त्यालाही.

"बाबा," फोनमधून कस्तुरी म्हणाली. "आला का?"

"थांब," चंद्रशेखर म्हणाला, आणि तळवे परत तोंडाशी नेले.