ओठावरची चीर आणि मुलीने आणलेला महागडा लिप बाम

मागच्या महिन्यात थेरगावला, डांगे चौकाजवळच्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, माझ्या हातून एक हास्यास्पद कृती घडली... आणि तिच्यामुळेच माझी हरवलेली झोप परत मिळाली. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दिवाळीला बंगळुरूहून आमची कन्या मधुरा घरी आली. तिने माझ्यासाठी एका परदेशी फॅशन कंपनीचा लिप बाम आणला होता. चाकणला आमच्या ऑफिसात दिवसभर एसी चालू असतो आणि थंडीत माझे ओठ फुटतात, हे तिने लक्षात ठेवले होते. किंमत तिने सांगितली नाही, ती मी वेबसाइटवर पाहिली... तेवढ्यात आमच्या घरी महिनाभर दूध येते.

डबी मात्र देखणी. धातूची, हाताला जड, आणि झाकण बसताना 'टक्' असा नेमका आवाज. मी फायनान्समध्ये असलो, तरी सुट्या भागांच्या कंपनीत इतकी वर्षे काढल्यावर चांगले फिटिंग ओळखता येते. बामला दालचिनी आणि व्हॅनिलाचा सुवास होता.

इतकी महाग वस्तू वाया जाऊ नये म्हणून मी ती अत्यंत नियमाने लावू लागलो. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या जाधवांनी एकदा गंभीर चेहऱ्याने विचारले, "साहेब, शेड कुठली?" सगळी बस हसली, मीही हसलो.

ओठ मात्र सुधारेनात. सालपटे निघू लागली आणि खालच्या ओठाला डावीकडे एक चीर पडली. ती भरेना... मी बाम वाढवला, तरीही भरेना.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. माझे थोरले बंधू, अण्णा, आज हयात नाहीत. त्यांच्या आजाराची सुरुवात ओठावरच्या अशाच एका न भरणाऱ्या चिरेने झाली होती. ते तंबाखू खात, मी सुपारीलाही शिवत नाही... पण भीतीला असले युक्तिवाद पटत नाहीत.

घरी मी अवाक्षर काढले नाही. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून ती चीर न्याहाळत असे. हल्ली नटण्यात फार वेळ जातो, असे सौ. म्हणू लागली. बेंबीत साजूक तूप घातले की फुटलेले ओठ बरे होतात, हा तिच्या आईचा उपायही तिने सुचवला. बेंबीचा आणि ओठांचा संबंध काय, असे मी तिला जरा कडकच विचारले.

अखेर अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर मधुरापेक्षा थोड्या मोठ्या असतील. मी त्यांना अण्णांचे सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकले. मग प्रश्न सुरू झाले... तंबाखू? नाही. टूथपेस्ट बदलली? नाही. ओठांना काही लावता? नाही.

खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. 'लावणे' म्हणजे औषध किंवा मलम, अशी माझी समजूत. त्या टॉर्च घ्यायला वळल्या आणि मी निव्वळ सवयीने खिशातून डबी काढून ओठांवर बाम फिरवला, झाकण लावले... टक्.

त्या आवाजाने त्यांनी मागे पाहिले. "काका, हे काय?"

डबी त्यांनी घेतली, वास घेतला. मग चीर बराच वेळ तपासली, बोटाने दाबून पाहिली. तेवढा वेळ मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो, पण त्यावर कोणते चित्र होते ते आज सांगता येणार नाही.

"साधं आहे, काका. या सुगंधाची ॲलर्जी आहे. ओठ फुटतात म्हणून तुम्ही हे लावता, आणि हे लावता म्हणून ते फुटतात."

बाम पूर्ण बंद, केवळ बिनवासाची पेट्रोलियम जेली, पंधरा दिवसांनी दाखवायचे आणि चीर भरली नाही तर पुढचे पाहू, असे त्यांनी सांगितले. चीर भरली. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, आता येण्याची गरज नाही. बाहेर येऊन मी चौकात लिंबू पिळलेला उसाचा रस प्यायलो... ओठ झोंबला नाही. दुसरा ग्लास मागवला.

मधुराला फोनवर सांगितले, तेव्हा ती हिरमुसली. दोष बामचा नाही, तो पुष्कळांना मानवत असेल, असे तिला समजावले. तो त्या किमतीच्या लायकीचा आहे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच... बामला गुण देता येत नाहीत, डबीला पैकीच्या पैकी. तिच्यात आता लवंगा ठेवतो.

सौ.ला त्याच संध्याकाळी सर्व सांगितले.

"म्हणजे तुम्ही नटत नव्हतात..." एवढेच ती म्हणाली, आणि आत गेली.

झोपण्यापूर्वी ती तुपाची वाटी कोमट करून घेऊन आली. ओठ तर बरे झाले होते... पण या वेळी मी संबंध विचारला नाही. मुकाट्याने सदरा वर केला.